राज्याराज्याच्या डोक्यावर आमचे साडू

आमच्या निलंग्याच्या साडूंइतका उंच गेलेला आणि तरीही काहीच न पाहिलेला माणूस उभ्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. देशातल्या प्रत्येक राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण गाठायचं, हा त्यांचा छंद. छंद हा शब्द मी आपला सभ्यपणानं वापरतो. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि या महापुरुषाची पत्नी, वेगळा शब्द वापरते आणि तो इथं लिहिता येत नाही. बरं, जन्म कुठला, तर निलंग्याचा. जिकडं बघावं तिकडं सोयाबीन, नाहीतर ऊस. साडूंचं पत्र्याचं आणि सिमेंटचं दुकान. पन्नाशीपर्यंत हा माणूस ज्या सर्वोच्च ठिकाणी चढला होता, ते म्हणजे स्वतःच्या गोदामातली सिमेंटच्या पोत्यांची थप्पी.

मग व्यापारी मंडळींच्या सहलीत ते उटीला गेले आणि घात झाला. तिथला दोडाबेट्टा हा तमिळनाडूतला सगळ्यात उंच डोंगर. उंच आहे, नाही कोण म्हणतो, पण डांबरी रस्ता पार वरपर्यंत जातो. साडू जीपमधून उतरले, चार पावलं चालले, पाटी वाचली आणि बिघडले. परत आले ते “अख्ख्या राज्याच्या डोक्यावर उभारलो की हो मी” असं म्हणतच. जणू ते राज्य यांच्यासाठीच मान खाली घालून बसलं होतं!

याला त्यांनी अध्यात्मही जोडलं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, त्यामुळं महादेवाचा दाखला कायम तयार. महादेव कधी सपाटीला राहिलाय का, असा त्यांचा सवाल. मी म्हटलं, औंढ्याला आहे, परळीला आहे, आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. त्यावर शांतपणे म्हणाले, त्या सगळ्या ब्रँचा, हेडऑफिस वर हाय. अशा माणसाशी कोण वाद घालणार?

गिर्यारोहण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं बूट, दोर, पाठीवरची मोठी पिशवी वगैरे येत असेल. साडूंचा सरंजाम म्हणजे पांढरा शर्ट, चामडी चप्पल, कानाला मफलर आणि अक्कानं बांधून दिलेले धपाटे. अक्काला मात्र कधी बरोबर नेलं नाही. दुकान कोण बघणार? शिखरावर पोचलं की भोवतालचं दृश्य वगैरे बघण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. पाटीला हात लावायचा, धपाटं खायचं आणि मला फोन करायचा. तोही नेमका मे महिन्यात, भर दुपारी. इकडं नांदेडला माझा कूलर गरम हवा फेकतोय, अंगाला बनियन चिकटलंय आणि तिकडून विचारणा होते, “साडू, नांदेडला किती हाय? हितं लई थंडी वाजायलीय.” सख्खा वैरीसुद्धा माणसाशी इतकं वाईट वागत नाही.

हुबळीला त्यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून यांनी अंतरपाटामागं उभं राहायचं. मुहूर्त आला, मामाचा पत्ता नाही. मामा होते मुळ्ळय्यनगिरीवर, कर्नाटकाच्या डोक्यावर. हुबळीला निघालेला माणूस चिकमंगळूरला कसा उतरतो, हे एसटी महामंडळालाही सांगता यायचं नाही. शेवटी वऱ्हाडातला कुणीतरी पाहुणा मामा म्हणून उभा केला. हे संध्याकाळी पोचले आणि भाचीला म्हणाले, तुझ्या नावानं वर नारळ फोडला. भाची अजून त्यांच्याशी बोलत नाही.

काही शिखरांचं मात्र अवघड होतं. सिक्कीमचं कांचनजंगा काही चामडी चपलेवर होत नाही. पण अडेल तो व्यापारी कसला! दार्जिलिंगच्या लॉजच्या गच्चीवरून त्यांनी हात जोडले आणि सिक्कीम झालं म्हणून जाहीर केलं. मी हरकत घेतली, तर उलट मलाच झापलं. देवळात गर्दी असली तर लांबून कळसाला हात जोडतो का न्हाई? मग? शिखरदर्शन झालं की दर्शन झालं. याच न्यायानं कौसानीच्या रस्त्यावर चहा पिता पिता त्यांनी नंदादेवीही उरकली.

महाराष्ट्राचं कळसूबाई तेवढं शेवटाला ठेवलं होतं. घरचंच हाय, कुठं पळून चाललंय, म्हणायचे. बाकी सगळी राज्यं उरकली आणि गेल्या वर्षी छातीत कळ आली. लातूरला दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टरांनी सांगितलं, चढ चढायचा नाही, जिनासुद्धा बेतानं. साडूंनी दोन महिने ऐकलं आणि मग जेवण सोडलं. कळसूबाई झाल्याशिवाय गोड लागत न्हाई म्हणे. अक्का आधी भांडली, मग रडली, मग तिनं मला बोलावून घेतलं. ठरलं असं की पायथ्यापर्यंत जायचं, लांबून हात जोडायचे आणि परतायचं. नियम त्यांचाच होता, त्यामुळं मीही निर्धास्त होतो.

जीप पायथ्याच्या गावात थांबली. आभाळ मोकळं होतं, वर देवीचं देऊळ ठिपक्याएवढं दिसत होतं. अक्कानं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. मीही जोडले. साडूंचे हात खालीच.

“जोडा की,” मी म्हटलं. “तुमचाच कायदा आहे. झालं म्हणायचं.”

ते म्हणाले, “परक्याच्या दारातून हात जोडून माघारी फिरता येतंय, साडू. सवताच्या घराला लांबून कोण हात जोडतंय?”

आणि चालायला लागले. वयानं थोरल्या माणसाचा दंड धरून ओढायचा कसा, हे मला कळेना, म्हणून मी नुसता मागं मागं चालत राहिलो. पहिल्याच चढाला त्यांचा श्वास वाजायला लागला. तेव्हा अक्का पुढं झाली आणि वाटेत आडवी उभी राहिली. साडू घामेजल्या चेहऱ्यानं तिच्याकडं बघत राहिले. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, “तुला कवा नेलंच न्हाई गं मी कुठं वर.”

“मला वर काय बी नगं,” अक्का म्हणाली. “मला तुमी खाली पायजेत.”

साडू तिथंच एका दगडावर बसले. अक्का शेजारी बसली. बराच वेळ दोघं वर बघत होते. मग साडू उठले आणि तिचा हात धरून हळूहळू उतरायला लागले.

आता निलंग्यात कुणी विचारलं, तर साडू सांगतात, सगळी राज्यं झाली, आपलं तेवढं राहिलं. अक्का दुकानाच्या गल्ल्यावर शेजारीच बसलेली असते. राहू द्या की, म्हणते.