बर्लिन, प्राग आणि ह्यांचं निळं जॅकेट

श्शी! त्या बसचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. लोणच्याचं तेल, ओले मोजे, कुणीतरी सीटवर सांडलेला मँगो ज्यूस आणि वरून बसच्या संडासातलं ते निळं औषध. फ्रांकफुर्ट ते बर्लिन आणि बर्लिन ते प्राग मी नाकाला ओढणी लावून बसले होते. पण बस निदान धुता तरी येते. मला खरी किळस येत होती ती शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाची. कंपनीचं निळं जॅकेट घालून, मांडीवर हात ठेवून गुपचूप बसला होता. तो माझा नवरा.

नवऱ्याबद्दल असं बोलतात का, म्हणाल. मी बोलते. अठ्ठावीस वर्षं संसार केलाय ह्या माणसाबरोबर, तेवढा हक्क आहे मला.

ह्यांचं नाव चंद्रशेखर. मूळचे सांगलीचे. तनय तीन वर्षांचा होता तेव्हा आम्ही जर्मनीत आलो आणि बाड हॉम्बुर्गला राहिलो ते आजतागायत तिथेच. हे एश्बॉर्नच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकवर काम करायचे. रस्त्यात शेजारी गाडी थांबली की कान टवकारून म्हणायचे, "मालू, ह्याचे पॅड गेलेत." जर्मन लोकांचा एक शब्द ह्यांना फार आवडला, ‘गेनाऊ’. म्हणजे अगदी बरोबर. भाजीत मीठ नीट पडलं, गेनाऊ. गाडी वेळेवर आली, गेनाऊ. घरात दिवसभर तेच. मी वैतागायचे.

आणि खोटं? अहो, ह्या माणसाला खोटं बोलताच यायचं नाही. एकदा एस-बानचा, म्हणजे लोकलचा, पास घरी विसरले. चेकर डब्यात चढला, तो अजून लांब होता, तर हे स्वतः उठून त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, माझ्याकडे पास नाही. चेकरच बिचारा गोंधळला. मी कपाळावर हात मारला होता, पण घरी आल्यावर माझ्या आईला फोन करून ती गोष्ट मीच कौतुकाने सांगितली.

दीड वर्षापूर्वी कंपनीने ह्यांचा अख्खा विभाग बंद केला. हे घरी बसले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण घेतंय? अर्ज केले, उत्तरं आली, सगळी गोड भाषेत ‘नाही’. आम्ही कुणाला सांगितलं नाही. सांगलीला सासूबाईंना नाही, मराठी मंडळात तर मुळीच नाही. फक्त तनयला माहीत होतं. तो दूर उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावात नोकरी करतो. आपण मराठीत विचारायचं आणि त्याने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद.

मग आला तो रोहन. पुण्याच्या कुठल्याशा कन्सल्टन्सीचा. केसांना जेल, तोंडात सदानकदा च्युइंगगम. कोल्हापूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं घेऊन युरोपची ‘स्टडी टूर’ काढली होती त्याने, दोन राजधान्या, बर्लिन आणि प्राग. मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला की अनुभवी मराठी इंजिनिअर हवेत. ह्यांनी मला न विचारता हात वर केला.

रोहन घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. "काका, तुम्हाला काहीच करायचं नाही. पोरांशी गप्पा मारायच्या, प्रागला शेवटच्या जेवणाला चार शब्द बोलायचे. आईबापांना कसं, आपला माणूस दिसला की धीर येतो. आणि कंपनीचं जॅकेट असेल तर घाला."

"अरे, पण मी आता कंपनीत..."

"काका, ते कोण विचारतंय?" असं म्हणून तो हसला, आणि हेही हसले.

तो गेल्यावर मी भडकलेच. "अहो, शोभतं का तुम्हाला हे? पोरांना फसवणार?"

हे खाली बघत म्हणाले, "मालू, दीड वर्षात मला कुणी काही विचारलेलं नाही. आता कुणीतरी विचारतंय." मी तडक तनयला फोन केला तर तो म्हणाला, "पाइनलिश, मामा." लाजिरवाणं आहे, आई. एवढंच बोलून त्याने ठेवला. शेवटी ह्यांच्यावर लक्ष ठेवायला मीही निघाले. रोहनला तर आनंदच झाला. काकू येणार म्हणजे दशम्या आणि चटणी फुकटात.

बर्लिनमध्ये काय बघितलं म्हणता? काही नाही बघितलं. ब्रांडेनबुर्ग गेटसमोर बस थांबली, रोहन ओरडला, "पंधरा मिनिटं!" आणि चाळीस पोरं चाळीस फोन घेऊन धावली. गेटकडे सगळ्यांची पाठ. तिथून ज्यूंच्या स्मारकाला. ते करडे दगड माहीत आहेत ना? मेलेल्या माणसांच्या नावाने उभे केलेत ते. त्यांच्यावर आमची पोरं या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत रील करत होती. एक म्हातारी जर्मन बाई नुसती उभी राहून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जाऊन दोघांना दंडाला धरून खाली ओढलं. "लाजा नाही वाटत?" म्हटलं. एक म्हणतो कसा, "काकू, सगळेच करतात."

पुढे पोट्सडामर प्लाट्झच्या चौकात बर्लिनच्या पाडलेल्या भिंतीचे जुने तुकडे उभे आहेत. लोकांनी त्यांना चघळलेली च्युइंगगम चिकटवून ठेवलीत, हजारो, गुलाबी, पांढरी, वाळलेली. बघूनच अंगावर काटा आला. रोहनने तोंडातली काढली, अंगठ्याने दाबून तिथे चिकटवली आणि तेच बोट पँटला पुसत दशमी मागायला माझ्याकडे आला. मी डबा बंद केला.

ह्या सगळ्या गोंधळात एकच मुलगी वेगळी होती, उर्जा. गडहिंग्लजची. वडील दत्ता सर, शाळामास्तर. ती सगळीकडे शेवटी मागे राहायची, पाटीवरचं वाचत. बसमध्ये ती ह्यांच्या मागच्याच सीटवर बसली आणि तिने सरळच सांगितलं, "काका, बाबा माझ्यासाठी गावाबाहेरचा प्लॉट विकणारेत. घर बांधायचं होतं तिथे. रोहन सर म्हणतात बर्लिनच्या कॉलेजात सीट नक्की. प्रागला सही करायचीये. बाबा म्हणाले, तिथे शेखरकाका आहेत, ते आपले आहेत, ते काय म्हणतील ते करायचं."

ते कॉलेज आम्ही सकाळीच बघितलं होतं. कॉलेज कसलं, एका जिमच्या वरचे दोन मजले. शुक्रवार होता, सुट्टी नव्हती, तरी आत चिटपाखरू नाही. रोहनने जिन्यातच फोटो काढायला लावले आणि पळवलं. ह्यांनाही ते दिसलं होतं, मी ह्यांचा चेहरा बघितला होता. मी वाट बघत राहिले. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "विचार करून ठरव हं." बस. एवढंच. मी कोपराने ढोसलं तर सरकून बसले.

आणि मग हद्द झाली. बर्लिनमधून निघताना रस्त्यात ह्यांच्या कंपनीची एक काचेची मोठी इमारत लागली. हे त्या इमारतीत जन्मात कधी गेलेले नाहीत. रोहनने बस थांबवली. "काकांचं बर्लिन ऑफिस! चला, फोटो!" वाटलं, आता तरी हे नाही म्हणतील. छे! उतरले. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावली, त्या नावाच्या पाटीखाली उभे राहिले आणि उर्जाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. मी बसमधून बघत होते. ज्या हाताने माझ्या मुलाला सायकल शिकवली तो हात मला बघवेना.

तासाभरात उर्जा फोन घेऊन मागून वाकली. "काकू, बघा ना. बाबांनी स्टेटस ठेवलंय." तोच फोटो. खाली लिहिलं होतं, ‘आमची उर्जा, जर्मनीतील आदरणीय साहेबांसोबत.’ मी म्हटलं, छान. त्यानंतर प्रागपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. पाण्याची बाटली मागितली तर सीटवर ठेवली, हातात दिली नाही. आणि एक गोष्ट लक्षात आली. फ्रांकफुर्ट सोडल्यापासून ह्यांच्या तोंडून एकदाही ‘गेनाऊ’ आलं नव्हतं.

प्रागचं काय सांगू? पुलावर इतकी गर्दी की नदी दिसली नाही. त्या प्रसिद्ध घड्याळाखाली मान वर करून उभे राहिलो, दोन बाहुल्या हलल्या, संपलं. पोरं म्हणाली, "एवढंच?" मग रोहनने सगळ्यांना एका तळघरातल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये कोंबलं. भिंतींना ओल, टेबलक्लॉथ चिकट, पनीरवर बोटभर लाल तेल तरंगत होतं. मी ताट बाजूला सारलं.

जेवणं झाली आणि रोहन उभा राहिला. "बावीस वर्षं मित्रांनो! आजही त्याच कंपनीत! टाळ्या!" टाळ्या पडल्या. हे उठले. जर्मनी कष्टाळू माणसाला जागा देते, म्हणाले. शिस्त, म्हणाले. वेळ, म्हणाले. आणि मग हसून म्हणाले, "उद्या सोमवार, मला ऑफिस आहे, नाहीतर अजून थांबलो असतो."

कुणी सांगितलं होतं हो हे वाक्य बोलायला? रोहननेसुद्धा सांगितलं नव्हतं! मला खरंच ओकारी आली. तोंडावर हात दाबून मी बसून राहिले.

रोहनने प्रवेशाचे कागद वाटले. उर्जाने पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा केला होता, त्यावर दत्ता सर दिसत होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मागे देवघर. तिने पेन उघडलं. तेवढ्यात दत्ता सर म्हणाले, "थांब पोरी. आधी काकांच्या पाया पड. आशीर्वाद घे आणि मग सही कर."

उर्जा उठली. ओढणी सावरली. ह्यांच्या खुर्चीपाशी आली आणि वाकली.

ह्यांनी पाय असे ओढले की खुर्चीच मागे कलंडली. कसेबसे टेबल धरून उभे राहिले. "नको," म्हणाले. "नको पोरी. पाया नको पडूस."

"काका?"

"माझी नोकरी गेलीय." आवाज चिरकला ह्यांचा. "दीड वर्ष झालं. मी घरी बसून आहे. सही नको करूस. त्या कॉलेजची मला काही माहिती नाही, आणि जे बघितलं ते बरं दिसलं नाही. सरकारी विद्यापीठात अर्ज कर. बाबांना सांग, प्लॉट विकू नका."

रोहन मोठ्याने हसला. "काका मस्करी करतायत!" कुणी हसलं नाही.

फोनमधून दत्ता सरांचा आवाज आला, अगदी हळू. "साहेब, मग ते बर्लिनचं ऑफिस?"

"बाहेरूनच," हे म्हणाले. "मी आत कधी गेलेलो नाही."

उर्जा ह्यांच्याकडे बघत राहिली. खालून वर, बुटांपासून जॅकेटच्या चेनपर्यंत. ती नजर मला चांगलीच ओळखीची होती, तीन दिवस मी तीच तर घेऊन बसले होते. पण दुसऱ्या कुणाच्या, आणि तेही एवढ्याशा पोरीच्या डोळ्यांत ती बघितली आणि माझ्या काळजात चर्र झालं. वाटलं, ओरडून सांगावं तिला, अगं, खरं बोलले ना काका शेवटी! पण कुठल्या तोंडाने सांगणार? तिने पेनचं टोपण लावून ते टेबलावर ठेवलं आणि फोन हातात घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "तो फोटो काढा स्टेटसवरून. आधी तो काढा."

रोहन आता इंग्रजीत ओरडत होता. तुम्हाला बसमध्ये घेणार नाही, म्हणत होता. मी उठले, पर्स घेतली आणि ह्यांचा हात धरला. घामाने चिंब झाला होता. "चला हो," म्हटलं. "आपण ट्रेनने जाऊ."

वर रस्त्यावर आलो. वारा बोचरा होता. ह्यांनी जॅकेट काढून हातात घेतलं होतं, नुसत्या शर्टावर कुडकुडत होते. घाला म्हटलं तर मान हलवली. थोडं चाललो आणि हे थांबले.

"मालू, तिने सही नाही ना केली?"

"नाही केली."

"नक्की बघितलंस तू?"

"बघितलं. टोपण लावून पेन ठेवून दिलं तिने."

"गेनाऊ," हे म्हणाले, आणि भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागले.