ड्रायव्हरची जागा

धम्मपाल अहिरे सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये शेड जुळवायचं काम करतो. व्यापाऱ्यानं पाठवलेल्या कापडाच्या तुकड्याशी रंग जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा मिश्रण करायचं. एक जुळला की दुसरा तुकडा टेबलावर येऊन पडलेलाच असतो. बमरोलीला घरी पोचतो तेव्हा त्याचे डोळे चुरचुरत असतात. तरी सुटीच्या दिवशी तो खिडकीजवळ टेबल ओढतो आणि प्लॅस्टिकचे रणगाडे जोडत बसतो. हा नाद त्याला कॉलेजात लागला, तो काही सुटला नाही.

गेल्या वर्षी त्यानं टी-५५ रणगाड्याचं किट मागवलं. त्याचे वडील श्रीपत फौजेत असताना राजस्थानात हाच रणगाडा चालवायचे. फौज सुटल्यावर ते सुरतेला आले, एका मिलच्या गेटवर वॉचमन झाले आणि आता घरातच असतात. त्यांचा रणगाडा हुबेहूब करून त्यांच्यापुढे ठेवायचा, असं धम्मपालच्या मनात होतं.

किट स्वस्तातलं निघालं. खऱ्या टी-५५च्या पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर असतं. यात सगळी चाकं सारख्या अंतरावर होती. त्यानं चाकांचे दांडे कापून जागा बदलून चिकटवले. वरचा, तोफेचा बुरूज नको तितका गुळगुळीत होता. ओतीव लोखंडासारखा खडबडीत दिसावा म्हणून त्याला पुट्टी लावून तो ब्रशनं टोचत बसला. मग फोटो मॉडेल करणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. कोणी लिहिलं, बुरुजाचा उतार चुकलाय. कोणी लिहिलं, मडगार्ड फार जाड आहे. त्यांचं म्हणणं बरोबर असायचं, आणि धम्मपाल जोडलेलं पुन्हा उखडायचा.

"मिलमधी दिवसभर तेच करता, घरी येऊन पण तेच," त्याची बायको जागृती एकदा म्हणाली. तो मडगार्ड घासतच राहिला.

पुढे हिरव्या रंगाच्या छटेवरून ग्रुपवर वाद लागला, तेव्हा खरा रंग कसा होता ते विचारायला तो मॉडेल घेऊन वडिलांकडे गेला. त्यांनी ते हातात घेऊन सगळीकडून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"बाहेरून कसा दिसायचा मला काय मालूम," ते म्हणाले. "मी आतमधी राहायचो."

धम्मपालला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. त्यानं मॉडेल खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर टाकलं. पावसाळा संपेपर्यंत ते तिथंच होतं.

मग एका रविवारी वडिलांनीच विचारलं, ती गाडी कुठं ठेवली. त्यानं खोकं उतरवलं. पुढच्या भागात डाव्या बाजूला, ड्रायव्हरच्या जागेवर, एक झाकण होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे बंद का केलं?" कंपनीनंच ते उघडता येईल असं केलेलं नव्हतं. मग वडील आपणहून सांगू लागले. सीट इतकी खाली की गुडघे छातीशी यायचे. समोर दोन लिव्हर, ती ओढून ओढून दंड सुजायचे. उजव्या हाताला डिझेलची टाकी आणि तोफेचे गोळे. डोकं बाहेर काढून चालवलं तर दातांत वाळू, झाकण लावलं तर श्वास घेववत नसे. एकदा सरावात दिवसभर आत बसून काढल्यावर त्यांना दोघांनी धरून बाहेर काढलं होतं. हे त्यांनी घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

धम्मपालनं झाकण कापून उघडं केलं. आत सीट बसवली, तारेची लिव्हर लावली, टाकी केली. यात त्याच्या बऱ्याच सुट्या गेल्या. काम झाल्यावर वडिलांनी मोबाइलचा टॉर्च लावून चिंचोक्याएवढ्या भोकातून बराच वेळ आत पाहिलं.

"सीट अजून खाली पाहिजे," ते म्हणाले.

"काढून परत बसवू का?"

"राहू दे. किती करशील."

धम्मपालनं गोंदाची नळी बंद केली, टेबल भिंतीला सारलं आणि वडिलांच्या शेजारी सतरंजीवर आडवा झाला. जागृती चहा घेऊन आली तेव्हा दोघंही झोपले होते.