पारखून घेतलेली मशीन

काही खरेद्या अशा असतात, की वस्तू कधीच भंगारात जाते आणि किस्से मात्र घरात राहतात. चार जुने भिलाईकर जमले की कोणीतरी 'सायक्लोस्टाइल' म्हणतोच, आणि मी चहाच्या कपात बघत बसतो. अजूनही कान गरम होतात. आता विचारलंतच, तर ऐका.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचं बांधकाम जोरात होतं. आमच्या सेक्टरात एका शेडमध्ये मराठी मुलांचा वर्ग आम्ही सुरू केला होता. शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, छापील प्रश्नपत्रिका काढून रीतसर परीक्षा घ्या, मग मान्यतेचं बघू. वर्गाचे सेक्रेटरी होते बापूराव, ठेकेदाराच्या ऑफिसातले हेडक्लार्क. ते म्हणाले, "छापील म्हणजे छापीलच देतो." झालं, शब्द गेला.

* * *

रायपूरला एका दुकानात प्रती काढायची जुनी सायक्लोस्टाइल मशीन होती. बापूराव, रेल्वेतले वानखेडे आणि मी, असे तिघे घ्यायला गेलो. वानखेड्यांचं काम गाडीच्या चाकांवर हातोडी मारून तडा ओळखायचं. त्यांनी खिशातून पाना काढला आणि मशीन चारी अंगांनी ठोकून पाहिली.

म्हातारा दुकानदार म्हणाला, "बाबूजी, कागज़ निकाल के देख लीजिए."

"काही गरज नाही," वानखेडे म्हणाले. "आवाज खणखणीत हाय."

तरी त्यानं एक प्रत काढून दिलीच. ती आम्ही पाहिली नाही. स्टेशनवर भजी घेतली, ती त्यात बांधली.

* * *

दुकानात मी शहाण्यासारखा एक प्रश्न विचारला होता. "चालू है ना?"

"बिल्कुल चालू."

बाहेर आल्यावर बापूराव माझ्या कानात म्हणाले, "चालू तर तो म्हाताराच दिसून राहिला. मी सांगून ठेवतो."

* * *

परतताना पॅसेंजरला गर्दी. मशीन चादरीत गुंडाळून तिघांनी उचलून आत घेतली. एका बाईनं विचारलं, "मरीज़ है क्या?" बापूराव गंभीरपणे "हां" म्हणाले. बाई चटकन उठली, जागा दिली आणि भिलाईपर्यंत उभी राहून चादरीला हात जोडत राहिली. मी खिडकीबाहेर बघत होतो. बघण्यासारखं काही नव्हतं.

* * *

बापूरावांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दहीसाखर ठेवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नसत. मशीन क्वार्टरमधून शेडकडे निघाली, तर त्या वाटी घेऊन आडव्या आल्या.

"हिचं तोंड कुठं हाय?"

बापूरावांनी शाई ओतायचं भोक दाखवलं. काकूंनी दोन चमचे घातले. आम्ही सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. वानखेडे म्हणाले, "काकू, आणखी एक घाला. प्रवासातून आली हाय."

* * *

परीक्षेला साहेब स्वतः हजर. पोरं ओळीनं बसलेली. बापूरावांनी हँडल फिरवलं. पहिला कागद कोरा आला. दुसऱ्यावर डाग आला. तिसऱ्यावर शाईत बुडालेली एक मुंगी, आणि मग मुंग्याच मुंग्या.

साहेबांनी तो कागद उजेडात धरला. "यह कौन सा विषय है?"

पोरं खो खो हसली. बापूरावांचा चेहरा पडला. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी एका आठवड्याची मुदत दिली. तेवढ्यात जमलं नाही तर वर्ग बंद.

"म्हाताऱ्यानं फसवलं आपल्याले," बापूराव म्हणाले. "त्याले आता दाखवतोच." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. तोवर आमचीही तीच खात्री झाली होती.

* * *

मशीन घेऊन पुन्हा रायपूर. दुकानात गिऱ्हाइकं होती, आणि बापूरावांना तीच हवी होती.

"मुंगी का वारूळ बेचा हमको!" ते ओरडले. "तुम्हारे कारण बच्चों का इम्तिहान डूबा. चोर हो तुम, चोर!"

मागून वानखेडे म्हणाले, "बराबर है." मीही म्हणालो.

 म्हाताऱ्यानं मशीन उघडली, आत बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग रॉकेल आणून सगळं धुतलं, नवी शाई भरली आणि आमचीच प्रश्नपत्रिकेची स्टेन्सिल चढवली. प्रश्नपत्रिका येऊ लागल्या. वेलांटी न् वेलांटी स्पष्ट.

"इसमें दही किसने डाला?" त्यानं विचारलं.

गिऱ्हाइकं आमच्याकडे बघू लागली. वानखेडे पाना खिशात खोल ढकलत होते. मी बापूरावांच्या मागे सरकलो.

शेवटी बापूराव खाली बघत पुटपुटले, "हमारे में... परीक्षा के टाइम दहीसाखर देते हैं."

म्हाताऱ्यानं सगळ्या प्रश्नपत्रिका नीट जुळवल्या आणि त्यांच्या हातात दिल्या.

"हमारे यहां भी देते हैं, बाबूजी," तो म्हणाला. "परीक्षा देने वाले को."