डाळिंबी ठिपक्याची लेन्स

दुकानात कुणी मिररलेस घ्यायचा की जुना डीएसएलआर चालेल असं विचारायला आलं, तर मी खरं तेच सांगतो. डीएसएलआरमध्ये आरसा असतो. तुम्ही डोळा लावता तेव्हा समोरचं जसं आहे तसं काचेतून दिसतं, आणि बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो. फोटो निघतो नेमक्या त्या क्षणी फोटोवाल्याला काही दिसत नाही. मिररलेसमध्ये आरसाच नाही. आत एक बारका टीव्ही असतो, आणि फोटो कसा येणार ते बटण दाबायच्या आधीच त्यात दिसतं. आवाजही बंद करता येतो. अंधारात तो सरस. हे सगळं खरं आहे. मी एकदाच यात खोटं बोललो, तेही एका शब्दाचं.

हे काम मला दाजींनी शिकवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. गाव झरी. त्यांच्याकडे कंपनीचा सगळ्यात खालचा डीएसएलआर, सोबत आलेली साधी लेन्स, आणि नंतर हौसेनं घेतलेली एक पन्नास एमएमची, म्हणजे आमच्या बोलण्यात पन्नासची. ही पन्नासची लेन्स थोड्या उजेडातही चांगला फोटो देते. कॅमेऱ्यावर लेन्स चढवायला तिच्या कडेला एक खूण असते, ती त्यांच्या लेन्सवरून झिजून गेली होती. मंडपाच्या अंधारात चाचपडायला नको म्हणून अक्कानं तिथं नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला होता.

दाजी फोटो काढताना दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. मला म्हणायचे, "फोटो निघतो तवा आपला एक डोळा आंधळा असतोय. म्हणून दुसरा उघडा ठेवायचा, मेव्हणे."

देवगाव फाट्यावर मी स्वतःचं दुकान टाकलं, केस पिकायला लागले, तरी लग्नात मला बघून लोक म्हणायचे, "हा दाजीचा चेला." ते हसून म्हणायचे आणि मीही हसायचो. आत काय होत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. मिररलेस घेतला तो गिऱ्हाइकासाठी घेतला असं घरी सांगितलं. खरं म्हणजे दाजींकडे नसलेली एक वस्तू मला पाहिजे होती.

पण त्याच्या चांगल्या लेन्सा मला झेपेनात. मग मी दाजींना म्हणालो, "दाजी, पन्नासची चार दिवस द्या की. एक बारसं हाय." त्यांनी लगेच दिली, अक्कानं ती जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून दिली. जुन्या कॅमेऱ्याची लेन्स नव्यावर बसवायला मध्ये एक जाड कडी लागते. ती मी आधीच आणून ठेवली होती.

त्याच महिन्यात चारठाण्याच्या एका निवृत्त गुरुजींच्या मुलीचं लग्न निघालं. त्यांच्या घरचे सगळे फोटो आजवर दाजींनीच काढलेले. पण गुरुजींची या वेळी एक अट होती. वंदना, त्रिशरण-पंचशील चालू असताना फ्लॅश नको आणि खटखट नको. दाजींनी मलाही सोबत नेलं. म्हणाले, "नवा कॅमेरा गुरुजींला दाखवू. दोघं मिळून करू." दोघं मिळून, असं ते म्हणाले होते.

गुरुजींच्या बैठकीत मीच बोलून गेलो, "गुरुजी, बोलण्यात काय हाय? दोन्हीनं एकेक फोटो काढून बघा. ज्याचा चांगला, त्याला काम."

दाजी माझ्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "बघा की. काय हरकत हाय."

आतल्या खोलीत बुद्धमूर्तीपुढं दोन मेणबत्त्या लावल्या. खिडकी लावून घ्यायला मीच सांगितलं. मुलगी पांढरी साडी नेसून हात जोडून बसली. दाजींनी पिशवी उघडली, साधी लेन्स लावलेला कॅमेरा काढला. त्यांची पन्नासची माझ्या कॅमेऱ्यावर होती. हे मला माहीत होतं, आणि मी जागा, उजेड, अट सगळं तिच्या हिशोबानं ठरवलं होतं.

आधी त्यांनी काढला. आरशाचा आवाज त्या खोलीत एवढा मोठा वाटला की मुलगी दचकून हसली. मग मी. माझा निघालेला कळलाच नाही. ती विचारायला लागली, "काढला का?"

लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली. घरची आठ-दहा माणसं जमली. दाजींच्या फोटोत मुलगी हललेली, भिंतीवर रवा सांडावा तसे दाणे. माझ्यात पापणी न पापणी. मी तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. दाजींचा फोटो मी मोठा करत गेलो, अजून मोठा, मुलीचं नाक चौकोन चौकोन होऊन फुटेपर्यंत.

"अन् हा बघा आपला कॅमेरा," असं म्हणून माझा केला.

गुरुजींचा भाऊ म्हणाला, "लयच फरक हाय की वो."

मी म्हणालो, "दाजींचा कॅमेरा वाईट न्हाई. म्हशीच्या विम्याच्या फोटोला चालतोय. तिचा कानातला बिल्ला दिसला की झालं."

सगळे हसले. दाजीही थोडे हसले. गुरुजी शिक्षक माणूस, ते हसले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "एवढा फरक कशामुळं पडतो?"

माझा कॅमेरा मांडीवर होता. जाड कडी, तिच्यापुढं ती लेन्स, तिच्या कडेला अक्कानं लावलेला ठिपका. मी मान वर केली तर दाजी माझ्या मांडीकडं बघत होते. ठिपका त्यांना दिसला होता. मी वाट बघितली. त्यांनी फक्त "ती लेन्स माझी हाय" एवढं म्हटलं असतं तर मी तिथंच संपलो असतो.

त्यांनी आपल्या कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"कॅमेऱ्यामुळं, गुरुजी," मी म्हणालो.

लग्न मला मिळालं. मी दाजींना स्टेजवर लाइट धरायला बोलावलं, आणि ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांना ओळखणारे लोक जाता-येता विचारायचे, "का हो दाजी, आज कॅमेरा कुठं?" ते म्हणायचे, "मेव्हण्यांचा लय भारी हाय." मी ऐकत होतो आणि म्हणत होतो, "दाजी, लाइट जरा वर."

म्हशीचं बोलणं चारठाण्यातून झरीला पोचलं. पारावरचे लोक त्यांना "या, विमावाले" म्हणायला लागले. थट्टाच होती, पण थट्टा झालेल्या माणसाला लग्नाचं काम कोण देणार? दोन हंगामांत त्यांची कामं बंद झाली. आता ते चुलतभावाच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशव्या काढून देतात. अक्का एकदा म्हणाली, "ह्यांनी कॅमेरा पेटीत टाकलाय रे. तू तरी समजाव." मी म्हणालो, "समजावतो." समजावलं नाही.

पुढं एकदा दुकान रिकामं होतं. एका गिऱ्हाइकाचा दाजींच्यासारखाच जुना डीएसएलआर दुरुस्तीला आला होता. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, मेणबत्ती लावली, त्यावर दाजींची पन्नासची चढवली आणि फोटो काढला. मग तीच लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर लावून काढला. माझा थोडा सरस होता. खूप मोठा करून बघितलं तर. गुरुजींच्या टीव्हीवर त्या दहा माणसांत कुणाला फरक सांगता आला नसता. राहता राहिला आवाजाचा प्रश्न. वंदनेच्या वेळी माझा, बाकी त्यांचा, असं दोघांनी मिळून करता आलं असतं. ते तसंच म्हणाले होते.

दोन्ही फोटो मी पुसून टाकले. त्यानंतर ती लेन्स हातात घ्यायला नको वाटायला लागली. मिररलेसची स्वतःची लेन्स घेतली तेव्हा नांदेडच्या दुकानात तिच्या बदल्यात दाजींची लेन्स आणि ती जाड कडी देऊन टाकली. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहितो.

मागच्या महिन्यात दाजींचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी लेन्सचा विषय काढला नव्हता.

"मेव्हणे, नातीचं बारसं हाय. पोरगी घरात काळोखात निजायलीय, फ्लॅश नको वाटतोय. आपली पन्नासची हाय न तुमच्याकडं?"

"हाय की दाजी. आणतो."

परभणीत दोन दिवस हिंडून तसलीच जुनी लेन्स मिळवली. तिच्यावरची खूण शाबूत होती. ती मी ब्लेडनं खरवडली, बायकोची नेलपॉलिश घेतली आणि काडीनं ठिपका लावला. एवढं बारीक काम मी कुठल्या लग्नातही केलं नसेल.

बारशाच्या सकाळी झरीला गेलो. दाजींनी पेटीतून कॅमेरा काढून पुसून ठेवला होता. लेन्स हातात घेतली, उजेडाकडं धरून आरपार बघितलं, फोकसचं कडं फिरवलं. तोंडावर काही दिसेना. मग कॅमेऱ्यावर चढवली. कॅमेऱ्यावरच्या ठिपक्याला लेन्सचा ठिपका लावून, खट.

अक्का चहा घेऊन आली. कॅमेरा बघून तिला बरं वाटलं असावं, ती वाकून बघायला लागली, आणि तशीच थांबली.

"ही आपली न्हाई."

"आपलीच हाय," दाजी म्हणाले.

"लाल हाय हे. मी जन्मात लाल लावलं न्हाई. डाळिंबी हुतं ते, नणंदबाईंच्या लग्नात घेतलेलं. मी लावलेलं मला कळंना व्हय?" ती माझ्याकडं वळली. "कुणाची आणलीस रे ही?"

मी कपाकडं बघत होतो.

"मेव्हणे," दाजी म्हणाले, आणि ते माझ्याकडं दोन्ही डोळ्यांनी बघत होते, "सांगा तिला. आपलीच हाय म्हणून."

त्यांनी मला वाचवलं की फासावर चढवलं, ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"आपलीच हाय, अक्का," मी म्हणालो.

अक्कानं माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग कप उचलून माझ्या हातात दिला आणि आत गेली. पाळणा म्हणायला बाहेर आली तेव्हा ती माझ्याकडं पाठ करून उभी राहिली, आणि पाळणा संपेपर्यंत वळली नाही. दाजी वाकून वाकून नातीचे फोटो काढत होते. खट, खट. पोरगी त्या आवाजानं एकदाही उठली नाही.

मी गाडीला किक मारली तेव्हा दाजी फाटकापर्यंत आले. कॅमेरा गळ्यातच होता.

"लेन्स चांगली हाय," ते म्हणाले. "आता म्हशीचे फोटो लय झ्याक येतील."