देवयानीताईंनी उघडलेली फाइल

खोपटच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर अडला की मला हाक मारतात. मला त्यातलं कळतं म्हणून नाही, मी ठासून बोलते म्हणून. परवा सॉफ्टवेअरमधली हजेरी एक्सेलमध्ये काही केल्या जाईना. 'ही फाइल देवयानी यांनी उघडलेली आहे,' असा एरर. देवयानीताई तर गेल्या वर्षीच रिटायर झालेल्या. आधी मी सगळ्यांना झापलं, मग ठाकुर्लीला त्यांच्या घरी फोन लावला.

"ताई, ती फाइल बंद करा बघू."

"अगं, मी मटार सोलतेय. माझ्या कॉम्प्युटरवर हल्ली कोण बसतं?"

"मी."

"त्यावर अजून माझंच नाव असेल."

फाइल सकाळपासून माझ्याच स्क्रीनवर खाली मिनिमाइज होऊन पडलेली. ती मी गुपचूप बंद केली आणि ऑफिसला ठासून सांगितलं, सर्व्हरचा प्रॉब्लेम होता.