काबूलचा अमीर आणि आमचे बाबा

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरला इतिहासात पीएच.डी. करत होते. विषय होता एकोणिसाव्या शतकातला काबूलचा एक अमीर. मला फारसी जेमतेम यायची, बाबांना उत्तम. पुण्यात शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले बाबा आई गेल्यावर माझ्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर आले. रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून ते मला जुन्या फारसी तवारिखा, म्हणजे तिकडच्या बखरी, वाचून दाखवायचे.

घरात दादाचा विषय मात्र काढायचा नाही. दादा बोटीवर इंजिनिअर. आई गेली तेव्हा तो भर समुद्रात होता, पोचू शकला नाही. बाबांना हे कळत होतं, तरी ते म्हणाले, "तो माझ्यापुरता संपला." दादाची बोट सिंगापूरला लागली की मी त्याला चोरून भेटायचे.

अमिराची गोष्ट बाबा रंगून सांगत. गादीसाठी सख्ख्या भावांशी लढाया. एका लढाईत त्याचा लाडका मुलगा काकाशी लढताना पडला, काकाही तिथेच मेला. जिंकलेला अमीर कंदाहारात दार लावून बसला. काबूल हातचं गेलं तरी उठेना. पुढे राज्य परत मिळवून द्यायला दुसरा मुलगा झटला. पण अमिराने वारस केलं ते सगळ्यांत धाकट्या मुलाला. हा दुसरा बिथरला, तेव्हा अभय देऊन त्याला बोलावून घेतलं आणि कैदेत टाकलं.

"जो त्याच्यासाठी लढला, त्यालाच! वर्षानुवर्षं!" बाबा म्हणाले.

मग तो धाकटा वारस पोरवयातच वारला. पाठोपाठ इंग्रजी फौजा चालून आल्या. अमिराने नाइलाजाने कैदेतल्या मुलाला सोडवलं, काबूल त्याच्या हवाली केलं आणि रशियाची मदत मागायला तो उत्तरेला निघाला. मदत मिळाली नाही. तिकडेच आजारी पडून मेला.

बाबांनी पान उलटलं, पुन्हा मागे आले. "मुलाला बाहेर काढल्यावर हा त्याला काय म्हणाला, ते लिहिलेलंच नाही गं."

"नसेल बोलला काही."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग चष्मा काढून म्हणाले, "तुझ्या दादाची बोट कधी लागते?"

मी गडबडले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मधूनच लसणाची चटणी करून डब्यात घालून नेतेस. त्याच्याशिवाय आपल्यात कोण खातं ती?"

"शुक्रवारी लागेल."

"घरी बोलाव. मला बोलायचंय त्याच्याशी."

गुरुवारी दुपारी बाबा बाथरूममध्ये कोसळले. अर्धांगवायू. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत वाचा गेली होती.

दादा बंदरावरून थेट तिथे आला, नखांत ऑइल तसंच. "बाबा, मी आलोय." बाबांचे डोळे भरले. ओठ हलले, घशातून एक आवाज निघाला, पुन्हा पुन्हा तोच. दादा त्यांच्या तोंडाशी कान लावून बसला.

"काय म्हणतायत गं?"

मलाही कळत नव्हतं. "'आलास' म्हणतायत," मी खोटंच सांगितलं.

संध्याकाळी बोट सुटायची होती. त्याच्या जागी दुसरा माणूस मिळाला नाही. रविवारी बाबा गेले, तेव्हा दादा परत समुद्रात होता. अग्नी मी दिला.

आठवड्याने पुढच्या बंदरावरून त्याचा फोन आला. "रागावून नाही ना गेले?"

"नाही रे. तुला घरी बोलाव म्हणाले होते."

"शपथ घे."

मी घेतली. त्यानंतर नुसतं त्याचं रडणं ऐकू येत राहिलं, फोनकार्ड संपून लाइन तुटेपर्यंत.