सासू किती भरते?

"सासू किती भरते तुझी?"

शालनमावशींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, थेट सासू! मी बावळटासारखी "म्हणजे?" म्हटलं.

"अगं वजन, वजन! किलोत सांग."

मी अंदाजानं साठ म्हटलं. मावशींनी ओसरीवरच्या ज्वारीच्या पोत्यातून थोडी ज्वारी काढली, पोत्याचं तोंड शिवलं आणि ते धूड माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर काथ्यानं करकचून बांधलं. पुढच्या हुकाला कोथिंबिरीच्या जुडीची पिशवी लटकवली, पायाशी कुणाच्या तरी पोराचं दप्तर ठेवलं आणि म्हणाल्या, "चल, मार फेरी. कोथमीर चेंगरली तर परत पहिल्यापास्नं."

"मावशी, आधी रिकामी गाडी तरी नीट येऊ दे की!"

"रिकामी गाडी कॉलेजच्या पोरींची. बाईची गाडी कवा रिकामी असती गं?"

मी फेरी मारली. कोथिंबीर चेंगरलीच.

कराडशेजारच्या मलकापुरात महामार्गाच्या आतल्या अंगाला एक मोकळं मैदान आहे. सकाळच्या भाकऱ्या उरकल्या की तिथं मावशी गाडी शिकवायच्या, आणि तेही फक्त लेकुरवाळ्या बायकांना. कुणाला पुन्हा शाळेवर रुजू व्हायचं असे, कुणाला बँकेत, कुणाला पार्लर उघडायचं असे. मावशींचे यजमान फौजेत सुभेदार होते. पुढची बरीच वर्षं छावण्यांमधून गेल्यामुळं मावशींच्या बोलण्यात आपली मराठी आणि फौजी हिंदी यांची भेळ झालेली. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "पाय वर! आगे देखो! चाकाकडं काय बघतीस, ते काय पळून जातंय व्हय?"

माझी गाडी गल्लीपुरती होती. लग्नाआधी मी लॅबमध्ये काम केलेलं. मुलगा झाला आणि ते सुटलं. मुलगा बालवाडीत जायला लागल्यावर कराडच्या एका लॅबमध्ये विचारलं, तर ते म्हणाले, "सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचेत. गाडी येत असेल तर एक तारखेपासून या." मी छातीठोकपणे "येते" म्हणून बसले! नवरा शिरवळच्या कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी येणारा. म्हणजे सोडायला-आणायला कुणी नाही. एक तारीख तोंडावर आलेली आणि मी ट्रक दिसला की गाडी सरळ उसात घालत होते. ही नोकरी हातची गेली तर पुन्हा कुणी विचारणार नाही, या धास्तीनं मला घास गोड लागत नव्हता.

मागून कुणी हॉर्न दिला की मी वळून "सॉरी, सॉरी" करायची. एकदा मावशींनी ते ऐकलं. "त्याला रस्ता पाहिजे, तुझी माफी न्हाई. रस्ता दे अन् पुढं चल." भीती वाटते म्हटलं तर म्हणाल्या, "वाटू दे की. भ्यालेल्या माणसालाच ब्रेक बरोबर सापडतो." हळूहळू हात बसला. कोथिंबीर शाबूत यायला लागली.

मग राहिली परीक्षा. आरटीओची नव्हे, मावशींची. सासूला मागं बसवून घरापासून मैदानापर्यंत आणायचं. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात), "ती गाडी दारात हाय तेच बरं" या मताच्या होत्या. मी बाहेर पडल्यावर मुलाला तर त्यांनीच बघायचं होतं. त्या नाही म्हणाल्या असत्या तर सगळंच मुसळ केरात.

"सासूच कशाला मावशी? नणंद चालेल की."

"लायसन सरकार देतं. घरातला उंबरा कोण वलांडू देतं? तू उद्या सुया टोचत गावभर फिरणार, अन् त्या माऊलीनं जीव मुठीत धरून बसायचं? एकदा बसू दे मागं. बघू दे."

मी चार दिवस आत्यांची मनधरणी केली. शेवटी त्या देवाला नमस्कार करून, पदर खोचून मागं बसल्या. मला धरू नका, मी बिचकते, असं मीच सांगितलेलं, म्हणून त्यांनी मागची दांडी धरली. आणि काय सांगू, त्या दिवशी गाडी अशी चालली म्हणता! सर्व्हिस रोडला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता, तिथं थांबले, मोकळा झाल्यावर निघाले. "आत्या, आता खड्डा हं. आत्या, आता वळण. बघा, घाबरलात उगीच!" वाटभर माझी टकळी चालू. आत्या गप्प. मला वाटलं, कौतुकानं गप्प आहेत.

मैदानात शिरले. सगळ्या बायका उभ्या होत्या. मी ऐटीत गाडी थांबवली.

मावशी म्हणाल्या, "शाबास. सासू कुठाय?"

मी मागं वळले. सीट रिकामी!

बायका हसून हसून खाली बसल्या. मला मात्र ब्रह्मांड आठवलं. म्हातारी पडली की काय कुठं? मी हुंदके द्यायला लागले. मावशी हसल्या नाहीत. त्या माझ्या मागं बसल्या आणि म्हणाल्या, "रडायचं असंल तर गाडी बाजूला घे. चालवायची असंल तर डोळं पूस. पीछे मुड!"

डोळे पुसले. आल्या वाटेनं परत गेलो. बघते तर ट्रॉल्यांच्या तिथल्या रसाच्या गाड्यावर आत्या चुलत बहिणीबरोबर बाकावर बसून निवांत रस पीत होत्या! गाडी थांबलेली बघून बहिणीला भेटायला उतरल्या होत्या. "जरा थांब गं" म्हणाल्याही होत्या म्हणे, पण ट्रॉलीवर मोठ्यानं लावलेल्या गाण्यात मला ऐकू काय जाणार, कप्पाळ! आम्हाला बघताच त्यांनी ग्लास आपटला.

"आवं सुभेदारीणबाई, ह्या पोरीनं मला रस्त्यात टाकली की वो!"

संपली नोकरी. मावशी शांतपणे पुढं झाल्या आणि हात जोडले.

"चूक माझी हाय. मी हिला पोत्यावर शिकीवली. पोतं मधीच उतरत न्हाई."

"म्हंजे मी पोतं व्हय?" आत्या म्हणाल्या आणि फिस्सकन हसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पर खरं सांगू? इथवर पोटातलं पानी हाललं न्हाई माझ्या. आमचा ल्योक चालीवतो तवा मणका न् मणका मोजून घ्यावा लागतो. जा तू कामावर. पोराला मी बघते. निघताना तेवढं मागं बघत जा, बया!"

मी तिथंच रस्त्यावर त्यांच्या गळ्यात पडले. ट्रॉलीवाले बघत होते, बघू देत. त्या दिवसापासून मावशींनी नियमच केला: निघण्याआधी मागच्या माणसाचं "हं" ऐकू आलं पाहिजे.

नोकरीच्या पहिल्या महिन्यातच एका सकाळी माझ्या यादीत मावशींचं नाव आलं. साखर तपासायची होती. गेले तर दारात बॅग भरून ठेवलेली. दंडाला पट्टा बांधताना मी सहज विचारलं, "मावशी, सासूची परीक्षा तुम्हाला सुचली कशी?"

"मी कुंडलला शाळेत शिवण शिकवायचे," त्या म्हणाल्या. "पोरगं झालं. एसटीचा काय नेम न्हाई. हे फौजेत, ह्यांची गाडी दारात उभी, म्हटलं तीच शिकावी. सासूबाई रोज दाराकडं बघत गप बसायच्या. मला वाटलं, यांना मी जायला नको हाय. सोडली नोकरी. वीस वर्सांनी, शेवटच्या दुखण्यात म्हणाल्या, 'शालन, मी पोराला बघितलं असतं गं. मला त्या गाडीचं भ्या वाटायचं. तू इचारलंच न्हाईस.'"

मला सुई टोचवेना. मावशींचे डोळे भरून आले होते, माझेही.

"अन् ही बॅग?"

"पुण्याला चाललेय. सूनबाईची सुट्टी सरली, तिला कामावर हजर व्हायचंय. तिनं इचारायची वाट न्हाई बघितली मी, आपणहून फोन केला. शनिवार-रविवारी इकडं येणार, मैदान काय बंद न्हाई." त्यांनी हात पुढं केला. "टोच आता. अन् नीघ लवकर, पुढच्या घरी माणूस उपाशी बसलंय."